घरपोच वाणसामान : सोय आणि उत्तरदायित्व

वाणसामान घरपोच मिळणे ही केवळ मोबाइलच्या युगाची देणगी नव्हे. महिन्याची यादी वाण्याकडे द्यायची, सामान दुकानातल्या नोकराने घरी आणून टाकायचे आणि हिशेब खातेवहीत मांडायचा, ही महाराष्ट्रातील जुनी रीत असून, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांचे गट करून तिला एकत्रित खरेदीची जोड दिली.

आई-वडील दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत मुलांचा डबा, शाळा आणि प्रवास यांतून बाजारहाटाला वेळ उरत नाही, म्हणून २०११ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या बिगबास्केटसारख्या सेवांना ग्राहक लाभला. काही मिनिटांत सामान पोचवणाऱ्या सेवा ‘डार्क स्टोअर’वर, म्हणजे ग्राहकांना प्रवेश नसलेल्या आणि केवळ ऑनलाइन मागण्या भरण्यासाठी वस्तीजवळ उभारलेल्या कोठारांवर, चालतात.

तथापि वेग हा चांगल्या सेवेचा एकमेव निकष ठरत नाही. संपलेल्या वस्तूऐवजी दुसरी देण्यापूर्वी विचारणे, भाजी निवडून देणे आणि खराब मालाचे पैसे विनाविलंब परत करणे यांतूनच विश्वास निर्माण होतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते.