भांगाचा दिवस

खाडीकाठच्या बचत गटांत एक विचार अधूनमधून निघतो. गटाने एक लहान होडी घ्यावी, दोघी-दोघींनी पाळी लावून गळ टाकावेत आणि मासे विकून हप्ता फेडावा. विचार वाईट नाही. फक्त तो निघतो उधाणाच्या दिवसांत, कुणाच्या तरी टोपलीत दोन मोठ्या तांबोशी बघून. म्हणून आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी खाडी हात आखडून बसते. त्याला आपण भांग म्हणतो.

पुनवेला आणि अवसेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्य-चंद्राची ओढ एकत्र पडते, पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं. ते उधाण. त्याचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ आडवी-उभी होते आणि पाणी जेमतेम हलतं. तो भांग. पाणी पळतं तेव्हा गाळ ढवळतो, कांदळाच्या मुळांत लपलेली कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर येते, आणि तिच्यावर टपलेला मोठा मासा जागचा हलतो. पाणीच पळालं नाही तर हे सगळं मंदावतं.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी बाराला ओहोटी. हिशोब ढोबळ आहे आणि तो मुंबईकडे जास्त जुळतो. आमच्या मालवणकडे मुखाशी भरती त्याच्या थोडी आधी लागते, मात्र खाडीत आत वर पाणी पोचायला वेळ लागतो. आपापल्या धक्क्यावर महिनाभर बघून फरक टिपून ठेवावा.

आमच्या गटातली एक मैत्रीण घाटावरची. लग्न होऊन इकडे आली, पण होडीत कधी बसलेली नव्हती. तिला शिकायचं होतं. मी मुद्दाम अष्टमी धरली. कर्ली खाडी देवबागला समुद्राला मिळते, आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी मुखाकडे असं ओढतं की नवशिकीच्या हातातलं वल्हं काही कामाचं राहत नाही. भांगाला होडी ऐकते.

साडेसहाला निघालो. पहिला नियम बसण्याचा. होडीच्या मध्यावर बसायचं, उठायचं नाही, जागा बदलायचीच तर वाकून, दोन्ही काठ धरून. अंगात लाइफ जॅकेट, साडीचा काष्टा घट्ट, पोहता येत असलं तरी. चिपीच्या झाडांपासून थोडं लांब नांगर टाकला आणि तंगूस पाण्यात सोडलं.

मग काहीच झालं नाही. आठ वाजले, नऊ वाजले. ती म्हणाली, “अगं, तुमच्या खाडीचं घड्याळ बंद पडलंय का?”

मी म्हटलं, “गप बस गो. तंगूस बोटावर धर.”

याच वेळेत खरं शिकणं होतं. तंगूस तर्जनीवर हलकं टेकवून ठेवायचं म्हणजे शिसं तळाला लागल्याचं कळतं. काळुंदर आमिषाला नुसतं टोचत राहतं, तेव्हा ओढलं तर गरी रिकामी येते. तांबोशी एकदम हिसका देते. आणि वर बोय उड्या मारताना दिसली म्हणून जीव टाकू नये, तळाचं शेवाळ आणि गाळ खाणारा तो मासा, गळाला क्वचितच लागतो. त्याला पाग लागतो, आणि पाग फेकणं हा निराळा धडा.

दहाच्या पुढे तिच्या गळाला शेंगटी आली. ती आनंदाने हात घालणार, तेवढ्यात मी मनगट धरलं. शेंगटीला तीन काटे असतात, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, आणि ते विषारी असतात. फडक्याने धरून चिमट्याने गरी काढायची. काटा लागलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, कळ कमी होते. काटा आत मोडला किंवा सूज चढली तर दवाखाना गाठायचा.

बाराच्या पुढे पाणी थांबलं, आणि भरती उलटताना अर्ध्या तासात तीन काळुंदर आणि वीतभरही नसलेली एक तांबोशी मिळाली. तांबोशी मी परत सोडली. मैत्रिणीचा चेहरा पडला. मी तिला सांगितलं, की या माशांची पिल्लं कांदळवनाच्या आसऱ्याने वाढतात, ती इथेच संपवली तर पुढे मोठी कुठून येणार? चोणाकाचं तर आणखी नवल. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहान असतानाच सगळे मारले तर अंडी घालायला कुणी उरत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. ती यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयात मागून गटाच्या वहीत चिकटवा.

दोनला काठाला लागलो. दोघींचे मिळून पंधरा तास आणि डब्यात एक शेंगटी, तीन काळुंदर. घरच्या कालवणापुरतं झालं, विकायला काही नाही. मैत्रीण म्हणाली, “असे दिवस महिन्यात किती?” हाच प्रश्न गटाने विचारायला हवा. भांग महिन्यात दोनदा येतो, एकेका वेळी तीन-चार दिवस रेंगाळतो. त्यात पावसाचे, वाऱ्याचे, आजारपणाचे आणि घरच्या कार्याचे दिवस मिळवा. हप्ता मात्र तिथी बघून येत नाही.

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही मिळते आणि त्यात महिला गट बसतात. पण ते खेळत्या भांडवलासाठी आहे, होडीच्या खरेदीसाठी ते धरून चालू नये.

आमच्या गटाने तूर्त भाड्याची होडी घेतली आहे. वहीत दोन रकाने पाडलेत, एक उधाणाचा आणि एक भांगाचा. प्रत्येक फेरीला तिथी, तास, किती मासा, किती विकला, होडीचं भाडं किती, एवढंच लिहायचं. लिहिण्याचं काम घाटावरच्या मैत्रिणीकडे आहे. सहा महिने भरले की दोन्ही रकान्यांची बेरीज सभेत वाचायची, आणि मग होडीचा भाव विचारायला जायचं.