बॅटरीच्या पोटातलं शून्य

नऊ व्होल्टच्या चौकोनी अल्कलाइन बॅटरीला बाहेरून टोकं दोनच. आत मात्र दीड-दीड व्होल्टचे सहा बारीक सेल एकामागे एक जोडलेले असतात. तिसरा संपून चौथा सुरू होतो, त्या सांध्यावर बरोबर ४.५ व्होल्ट असतात. खिशात मावणाऱ्या घरगुती हेडफोन अँप्लिफायरला नेमका तोच सांधा हवा असतो आणि तिथून तार बाहेर आलेली नसते. बॅटरीच्या पोटात असलेला हा मध्य बाहेर पुन्हा उभा करायचा, ही या छंदातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती आहे.

मध्य हवा कशाला? हेडफोनचा पडदा पुढे जातो तसा मागेही जातो, म्हणून ध्वनीचा संकेत शून्याच्या वर आणि खाली सारखाच झुलतो. शून्य बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवलं, तर खालचा अर्धा झोका घ्यायला जागाच उरत नाही. अँप्लिफायरचं आउटपुट मधोमध ठेवून हेडफोनची परतीची तार ऋण टोकाला जोडली, तर गाणं सुरू नसतानाही ४.५ व्होल्ट कॉइलवर बसून राहतात. पडदा एका बाजूला ताणला जातो, कॉइल तापते.

सुटका अशी की शून्य कुठे मानायचं हे आपल्या हातात आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे ती समुद्रसपाटीपासून. पायथ्यापासून मोजली तर आकडा बदलेल, डोंगर तोच राहील. व्होल्टेजचंही तसंच. मधला बिंदू शून्य मानला की एकाच बॅटरीचं एक टोक अधिक ४.५ होतं आणि दुसरं उणे ४.५.

चू मॉय यांच्या नावाने ओळखला जाणारा, पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसणारा ‘सीमॉय’ अँप्लिफायर हे काम अगदी थोडक्यात करतो. त्याच्या प्रचलित रूपात ४.७ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर बॅटरीवर एकापुढे एक लावतात आणि प्रत्येकाला समांतर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडतात. मधल्या जोडावर शून्य तयार होतं. रेझिस्टर त्यासाठी सतत सुमारे एक मिलिअँपिअर खातात, बस.

पण हे शून्य किती भक्कम? हेडफोनमधून परतणारा प्रवाह तिथेच येतो. वेगाने बदलणारा प्रवाह कपॅसिटर सांभाळतात. १००० हर्ट्झला त्यांचा अडथळा जेमतेम ०.३६ ओहम असतो, २० हर्ट्झच्या खर्जात मात्र तो १८ ओहमपर्यंत चढतो. म्हणजे दणदणीत ढोलाच्या ठोक्याबरोबर आपलं शून्य बॅटरीच्या टोकांमध्ये खरोखर वरखाली हलतं.

आणि तरीही कानाला ते कळत नाही! संकेत, अँप्लिफायर आणि हेडफोन, सगळेच आपलं माप त्याच शून्यापासून घेतात. शून्य हललं की सगळे सोबत हलतात. अँप्लिफायरमधल्या ऑप-अँपच्या (संकेत वाढवणाऱ्या चिपच्या) दृष्टीने हलते ती बॅटरी, आणि पुरवठ्यातली हालचाल आउटपुटपर्यंत न पोहोचू देणं हा त्याचा मूळ गुणच आहे. या छोट्याशा सर्किटमधली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच.

खरा धोका आहे तो एकाच दिशेने वाहणाऱ्या बारीक प्रवाहाचा. कपॅसिटर त्याला वाट देत नाहीत. तो पेलायला फक्त रेझिस्टर उरतात आणि मधल्या जोडावरून समांतर दिसणाऱ्या या दोन्हींचा मिळून अडथळा २३५० ओहम. आउटपुटवर १० मिलिव्होल्ट उरले, तर ३२ ओहमच्या हेडफोनमधून ०.३ मिलिअँपिअर वाहतो आणि तेवढ्याने शून्य ०.७ व्होल्ट सरकतं. मग एका बाजूची जागा आक्रसते, आवाज वाढवला की लाटेचा तोच भाग आधी कापला जातो आणि गाणं फाटतं.

यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएलई२४२६ ही चिप आहे. ट्रान्झिस्टरएवढी, तीन पायांची. ती व्होल्टेजचा मध्य सतत धरून ठेवते, २० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह देते किंवा घेते आणि स्वतः ०.२ मिलिअँपिअरही खात नाही. त्याहून जास्त प्रवाह लागला तर बीयूएफ६३४सारखा बफर २५० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचतो.

किंवा सरळ दोन बॅटऱ्या जोडायच्या. त्यांच्यामधला सांधा हा खराखुरा मध्य, शिवाय दोन्ही बाजूंना नऊ-नऊ व्होल्टची ऐसपैस जागा. पण स्विचने दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी तोडल्या पाहिजेत, कारण एकच उरली तर आउटपुट एका टोकाला जाऊन हेडफोनवर घातक व्होल्टेज येऊ शकतं. खिसा मोठा असेल तर मी दोन बॅटऱ्या निवडेन, लहान असेल तर टीएलई२४२६.

एक सावधगिरी मात्र हवीच. पत्र्याची डबी जॅकमधून त्या मधल्या शून्याला जोडलेली असते. बॅटरीचं ऋण टोक किंवा अडॅप्टरच्या सॉकेटचं बाहेरचं कडं तिला टेकलं, तर शून्य ऋण टोकावरच जाऊन बसतं आणि खालच्या झोक्याची जागा जाते.

हे बघायला अँप्लिफायरही लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एकापुढे एक जोडा आणि मल्टिमीटरची काळी तार मधल्या सांध्यावर धरा. लाल तार धन टोकावर टेकवली की सुमारे अधिक ४.५ दिसेल, ऋण टोकावर टेकवली की उणे ४.५. पुढे अँप्लिफायर बनवलातच, तर हेडफोन लावण्याआधी त्याच मीटरने आउटपुट मोजा. गाणं बंद असताना दहा-वीस मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष सापडेपर्यंत हेडफोन जोडू नका.