चार नळ्यांत समुद्र

समुद्राचे तैलचित्र काढायचे म्हटले की दुकानदार चोवीस नळ्यांची पेटी पुढे करतो. किंमत ऐकून कामगार हात मागे घेतो आणि चित्रकला हा आपला प्रांत नव्हे असे ठरवून मोकळा होतो. माझे म्हणणे असे की, पावसाळी धूसर समुद्राला चार नळ्या पुरतात. जास्त असल्या तर आड येतात.

अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि पांढरा. यात परके काय आहे? यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी, सिएना गेरूचा भाऊबंद. अल्ट्रामरीन पूर्वी लाजवर्द दगड कुटून काढीत. तो धनिकांनाच परवडे. १८२८च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात करण्याची रीत सापडली आणि पुढे तो कपड्यांच्या निळीत आला.

निळा व सिएना मिसळले की राखी रंग होतो. निळा वाढवला तर थंड, सिएना वाढवली तर उबदार. आकाश, पाणी, खडक सारे या दोघांच्याच पोटचे असल्याने चित्रात भांडण उरत नाही. (युनियनवाल्याने हे सांगावे, याची मौज वाटेल!)

धुके म्हणजे डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. ते प्रकाश चहूकडे उधळतात, म्हणून लांबची काळी वस्तूही फिकी दिसते. तेव्हा अंतर दाखवायचे ते रंग बदलून नव्हे, गडद-फिके सांभाळून. डोळे किलकिले करून पाहावे. फरक लगेच कळतो.

नगरला समुद्र नाही ही सबब चालणार नाही. पावसाळ्यात अरबी समुद्राचीच वाफ घाटघरचा कडा चढून वर येते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचा पलीकडचा काठ तेव्हा पार नाहीसा होतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थ तलाव पुन्हा पुन्हा रंगवीत. त्यांना पाण्यासाठी मुंबई गाठावी लागली नाही.

कॅनव्हासवर आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेली सिएना चोळून वाळू द्यावी. पॅलेटवर फिका, मधला, गडद असे तीन राखी रंग आधीच कालवावेत. क्षितिजाची रेघ ओढू नये. रंग ओले असतानाच कोरडा ब्रश आडवा फिरवावा. ढगाआडच्या उजेडाला पांढऱ्यात किंचित पिवडी. पुरा गडद रंग फक्त जवळच्या होडीला. अळशीचे तेल वरच्या थरात जास्त, खालच्यात कमी. उलटे झाले तर वरचा थर आधी वाळून तडकतो. पावसाळ्यात थर वाळायला आठवडाही लागतो, तेवढी घाई आवरावी.