खुडूक कोंबडी

दाणा टाकताच सर्वांआधी धावत येणारी कोंबडी एखाद्या दिवशी पाटीतून उठतच नाही. जवळ जावे, तर पिसे फुलविते. हात पुढे करावा, तर चोच मारते. नवख्या माणसाला वाटते, ही आजारी असावी. खेड्यातील माणूस मात्र एका शब्दात सांगतो, "खुडूक झाली!"

खुडूक होणे हा रोग नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो. त्यामुळे अंडी घालणे थांबते आणि उबविण्याची ओढ लागते. पोटाखालची पिसे गळतात व तेथील उष्ण त्वचा अंड्यांना टेकते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरविते. तसे न केल्यास आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एखादे वेळीच उठते. असे २१ दिवस चालते. काही लोक तिचा हट्ट मोडण्यासाठी तिला थंड पाण्यात बुडवितात. तो उपाय मला कधी पटला नाही.

निरवांगीच्या आमच्या घरी, मी तुमच्याएवढा असताना, आजीने अशा एका कोंबडीखाली अकरा अंडी ठेविली. प्रत्येकावर कोळशाने रेघ ओढली. आजीला अंधुक दिसे, म्हणून तिने मला बजाविले, "बिनरेघेचं अंडं दिसलं, की त्याच सांजंला काढायचं, बरं का!" पहिला आठवडा मी हे काम नीट केले. मग एके दिवशी हातावर जबर चोच बसली आणि पुढचे चार दिवस मी पाटीकडे फिरकलोच नाही. आजीने विचारले, तेव्हा "काढली" असे सांगून मोकळा झालो. पाचव्या दिवशी आजीने पाटीवर डालगे झाकले. मला वाटले, प्रश्न मिटला.

दुसऱ्या कोंबड्या तिच्याच पाटीत का येत? जेथे अंडी दिसतात, तेथेच अंडी घालण्याकडे कोंबड्यांचा कल असतो. शिवाय कळपात मानपान असतो. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून नोंदी करण्याचा नाद होता. त्याने १९२१ च्या आपल्या प्रबंधात दाखविले, की कळपात कोणी कोणाला टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. आमची खुडूक कोंबडी या क्रमात शेवटची. वरच्या कोंबड्या तिला रेटून पाटीत बसत व अंडे घालून चालत्या होत. ती बिचारी तेही पोटाखाली ओढून घेई.

एकविसावा दिवस जवळ आला. बाहेर येण्यापूर्वीच पिल्लू कवचातून चिवचिवते आणि आई हलक्या आवाजात त्याला ओ देते. अंड्यातील उरलेला बलक जन्माआधी त्याच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते एकदोन दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते. म्हणूनच आईला मागे राहिलेल्या अंड्यांसाठी थांबता येते. पण तेवढेच दिवस. नंतर भुकेल्या पिल्लांसाठी तिला उठावेच लागते.

आमची कोंबडी नऊ पिल्ले घेऊन उठली, तेव्हा पाटीत सहा अंडी राहिली होती. दोन रेघांची, चार बिनरेघांची. आजीने ती एकेक चाचपून पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. बोलली मात्र काहीच नाही. ती चार अंडी पदरात गुंडाळून ती लगबगीने शेजारी गेली. तेथे एक कोंबडी खुडूक बसली होती. आठ-नऊ दिवसांनी त्यांतील दोन फुटली.

इकडे अंगणात निराळाच प्रकार घडला. कळपातील सर्वांत वरची कोंबडी पिल्लांजवळ येताच आमच्या या शेवटच्या कोंबडीने पंख पसरून तिला ओट्यापर्यंत पिटाळले! पिल्लांच्या आईला कळपातील मोठ्याही बहुधा वाट देतात. हा दरारा पिल्ले लहान असेपर्यंतचा. दीडदोन महिन्यांनी तिनेच पिल्लांना टोचून दूर केले, पुन्हा अंडी घालू लागली आणि कळपात पूर्वीसारखी शेवटी उभी राहू लागली. पिल्ले तोवर आपापसांत टोचाटोची करून स्वतःचा क्रम ठरवू लागली होती.

शेजारची ती दोन पिल्ले परत मागण्याची माझी छाती काही झाली नाही.