मराठी लोकगायक (लेखांक ६) : पंढरी, पोपट आणि भीमगीत

हसवणारे गाणे आणि गहिवर आणणारे गाणे एकाच गळ्यातून सारख्याच ताकदीने येऊ शकते, याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कल्याणचे शिंदे घराणे. मूळ मंगळवेढ्याकडचे हे कुटुंब कल्याणात स्थिरावले. इथल्या कष्टकरी वस्त्यांमधली आंबेडकर जयंती, बुद्ध पौर्णिमा, गणपती आणि सत्यनारायणाची पूजा हेच या गायकीचे खरे व्यासपीठ.

प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा गळा कव्वालीत तयार झाला. इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते कोरसमध्ये गात. कव्वालीत आधी ठेक्याविना, वरच्या पट्टीत एखादा शेर म्हटला जातो. मग ढोलकीवर मुखडा येतो आणि साथीदार तो उचलून धरतात. मोकळा, धारदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज ही या प्रकाराची गरज. दत्ता पाटील यांचे शब्द आणि मधुकर पाठक यांचे संगीत असलेले ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ त्यांनी गायले, तेव्हा हाच आवाज वारकऱ्याचा झाला. कव्वाली, भीमगीत आणि विठ्ठलगीत यांपैकी एकासाठीही त्यांना आवाज बदलावा लागला नाही.

रात्रभराच्या कार्यक्रमात विनोदी गाण्याला ठरलेली जागा असते. आरंभी वंदना, मग बुद्ध-भीमगीते. रात्र चढली आणि श्रोते पेंगू लागले की एखादे चावट किंवा खोडकर गाणे, आणि बैठक पुन्हा जागी झाली की गंभीर विषय. या क्रमामुळे हसू हलके ठरत नाही आणि आदरालाही बाधा येत नाही.

ही वीण सैल केली ती कॅसेटने. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. भक्तिगीते एका कॅसेटवर, विनोदी लोकगीते दुसऱ्या कॅसेटवर अशी विभागणी रूढ झाली. प्रल्हाद यांचे पुत्र आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट’ याच काळात लग्नाच्या मांडवापासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजू लागले. अशा गाण्यात सूर लांबवत नाहीत. ओळी तुटक असतात, शब्द ठसठशीत टाकायचा असतो, आणि नेमक्या जागी घेतलेला थांबा हशा मिळवतो. हे काम आलापाइतकेच अवघड आहे, पण त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही. या लोकप्रियतेने आनंद शिंदे यांच्यावर विनोदी गायकाचा शिक्का बसला खरा, मात्र आंबेडकरी गाणे त्यांनी सोडले नाही. जयंतीच्या मंचावर वडिलांची परंपरा त्यांनी, भाऊ मिलिंद यांच्यासह, चालवली.

चित्रपटाने पुढे दोन्ही बाजू वापरल्या. अजय-अतुल यांनी ‘जत्रा’मधल्या ‘कोंबडी पळाली’साठी वैशाली सामंत यांच्याबरोबर आनंद शिंदे यांचा आवाज घेतला, तीच चाल २०१२ च्या हिंदी ‘अग्निपथ’मध्ये पुन्हा आली. पुढच्या पिढीतील, आनंद यांचे पुत्र आदर्श शिंदे यांना २०१३ च्या ‘दुनियादारी’त ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ या विरहगीताने घरोघरी नेले. त्यातली आर्त, चढत जाणारी हाक आजोबांच्या कव्वालीशी नाते सांगते. २०१६ च्या ‘पोश्टर गर्ल’मध्ये मात्र बापलेकांनी मिळून ‘आवाज वाढव डीजे’ हे नाचाचे गाणे गायले.