मुक्त पतनाची उदाहरणे : गतीची समीकरणे आणि ऊर्जेचा मार्ग

प्रस्तावना :

उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा प्रश्न माध्यमिक शाळेपासून पदवीपर्यंत विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा भेटतो. तो सोडविण्याचे दोन मार्ग सर्वपरिचित आहेत : एक गतीच्या समीकरणांचा, दुसरा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा. मात्र कोणत्या प्रश्नास कोणता मार्ग लावावा, याचा विवेक क्वचितच शिकविला जातो. सूत्र आठवावे आणि आकडे घालावेत एवढेच उरते. प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे या दोन मार्गांतील भेद स्पष्ट केला आहे.

उदाहरण :

२५ मीटर उंचीच्या गच्चीच्या कडेवरून एक चेंडू दर सेकंदास २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेगाने व किती वेळाने आदळेल? गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग मानले असून हवेचा विरोध दुर्लक्षिला आहे.

प्रथम वेग पाहू. फेकतानाची गतिज व स्थितिज ऊर्जा यांची बेरीज ही आदळतानाच्या गतिज ऊर्जेइतकी असते. वस्तुमान प्रत्येक पदात असल्याने ते निघून जाते व उरते ते असे :

अंतिम वेगाचा वर्ग = (२०)² + २ × १० × २५ = ९००

म्हणून वेग दर सेकंदास ३० मीटर. चेंडू किती वर गेला, कोठे क्षणभर थांबला, याचा विचारच करावा लागला नाही. विशेष म्हणजे तोच चेंडू त्याच वेगाने खाली किंवा आडवा फेकला, तरी उत्तर ३० हेच येते. ऊर्जेस दिशा नसते.

वेळेच्या बाबतीत मात्र ऊर्जेचे समीकरण मौन पाळते. येथे गतीचे समीकरणच हवे. वरची दिशा धन मानल्यास जमिनीपर्यंतचे विस्थापन उणे २५ मीटर होते :

−२५ = २० × काल − ५ × (काल)²

याची उत्तरे ५ व −१ अशी येतात. म्हणजे चेंडू ५ सेकंदांनी आदळतो. खाली फेकलेला चेंडू १ सेकंदात, तर आडवा फेकलेला सुमारे २.२४ सेकंदांत पोहोचतो. वेग एकच, वेळा तीन.

नेहमीची चूक चिन्हाची असते. विस्थापन अधिक २५ लिहिले, तर समीकरणास वास्तव उत्तरच मिळत नाही. हा गणिताचा हट्ट नव्हे. चेंडू गच्चीपासून जेमतेम २० मीटर वर जातो, तेव्हा २५ मीटर वर तो कधीच नसतो. समीकरण तेच सांगत असते. उणे १ हे उत्तरही निरर्थक म्हणून खोडण्यापूर्वी पाहण्याजोगे आहे. १ सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगाने वर फेकलेला चेंडू गच्चीजवळून नेमका २० च्या वेगाने गेला असता. दुसरी चूक म्हणजे ‘जमिनीवर वेग शून्य’ असे धरणे. समीकरणातील अंतिम वेग हा स्पर्शापूर्वीच्या क्षणाचा असतो. थांबणे हे जमिनीच्या बलाचे काम आहे.

काल की अंतर?

हा घोटाळा नवशिक्यांचाच आहे असे नाही. १६०४ मध्ये पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरले होते. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने वेग कालाच्या प्रमाणात वाढतो असे मांडले. स्थिर अवस्थेतून सोडलेल्या वस्तूचा वेग दुप्पट व्हावयाचा तर वेळ दुप्पट लागतो, पण उंची चौपट लागते. गतीचे पहिले समीकरण बलाचा हिशेब कालावर मांडते, ऊर्जेचे समीकरण अंतरावर. दोन मार्गांचे मूळ या भेदात आहे.

हवेचा विरोध :

१००० मीटरवरून पडणारा पावसाचा थेंब वरील सूत्राने दर सेकंदास सुमारे १४० मीटर वेगाने यावयास हवा. प्रत्यक्षात मोठा थेंबही सुमारे ९ मीटर वेगानेच येतो. येथे त्वरण स्थिर नसल्याने गतीची परिचित समीकरणे लागूच पडत नाहीत. ऊर्जेचा हिशेब मात्र टिकतो, फक्त त्यात हवेविरुद्ध झालेले कार्य मिळवावे लागते. थेंबाच्या स्थितिज ऊर्जेपैकी अर्धा टक्काही गतिज ऊर्जेच्या रूपाने जमिनीवर पोहोचत नाही. उरलेली वाटेत हवेला मिळते आणि अखेर उष्णतेत रूपांतरित होते.