पदवीचे गुण आणि परदेशातील पीएच.डी. : गैरसमज व वस्तुस्थिती

परभणीस १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या ज्या पदवीधरांचा ओजीपीए (दहाच्या श्रेणीतील एकूण सरासरी गुणांक) सहाच्या आसपास घुटमळला, ते परदेशातील पीएच.डी.चा विचार बहुधा मनातच दडपून टाकतात. आणि त्यांस परावृत्त करण्यास प्रत्यक्ष नियमांपेक्षा ऐकीव समजुतीच अधिक कारणीभूत होतात. त्यांतील प्रमुख समजुतींची ही छाननी.

गैरसमज : साठ टक्के म्हणजे परदेशात जवळजवळ नापास.

वस्तुस्थिती : टक्क्यांस पंचवीसने भागले की अमेरिकेचे चारपैकी गुण निघतात, या चुकीच्या हिशोबातून हा समज उपजला आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे किमान ३.० ची अपेक्षा ठेवतात हे खरे. परंतु मूल्यमापन करणाऱ्या संस्था भारतीय गुण भारतीय श्रेणींच्याच संदर्भात वाचतात, आणि पारंपरिक विद्यापीठांत साठ टक्क्यांस प्रथम वर्ग मिळतो. जर्मनीतील रूढ सूत्र मात्र अधिक कठोर असून, पाचवर उत्तीर्ण होणाऱ्या दहाच्या श्रेणीतील ६.२ चे तेथे सुमारे ३.३ होतात, जेथे १ हा सर्वोत्तम आणि ४ हा जेमतेम उत्तीर्णतेचा अंक होय. डॉ. आंबेडकरांस मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते, आणि तरीही त्या यशाबद्दल मुंबईत सत्कारसभा भरली. अंकाचा अर्थ त्याच्या काळावेगळा व स्थळावेगळा लावता येत नाही.

गैरसमज : पदवी परीक्षेत मागे पडलेल्यास दार कायमचे बंद.

वस्तुस्थिती : युरोपात पीएच.डी.साठी बहुतांशी पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिच्या गुणांस व प्रबंधास पदवीपेक्षा अधिक वजन असते. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. तीन वर्षांच्या बी.एस्सी.धारकास मात्र अनेक विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट घालतात, म्हणून त्याने एम.एस्सी. करणे इष्ट. परीक्षकांस पाहावयाचे असते ते संशोधनाचे सामर्थ्य. येलो व्हेन मोझॅक या विषाणुरोगास प्रतिकारक म्हणून नावाजलेले ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण ज्या विद्यापीठाने दिले, तेथील विद्यार्थ्याने त्याच रोगाची शेतातील नोंद स्वतः ठेवून तिचे सांख्यिकी विश्लेषण केले असेल, तर ते काम गुणांच्या उणिवेपेक्षा बोलके ठरते.

गैरसमज : जीआरई ही प्रवेशपरीक्षा किंवा पैसे भरून छापलेला शोधनिबंध उणीव झाकतो.

वस्तुस्थिती : अनेक विभागांनी जीआरईची अट काढून टाकली आहे, आणि बनावट नियतकालिकातील निबंध जाणत्या परीक्षकाच्या मनात संशयच उत्पन्न करतो. सर्व गुणपत्रके मागितली जात असल्याने राहिलेले विषय लपवणे आत्मघातकी होय. ते राहण्याचे कारण एक-दोन वाक्यांत प्रांजळपणे नमूद करून उरलेला अर्ज कामाविषयी लिहावा. आणि शिफारसपत्रे मोठ्या हुद्द्याच्या व्यक्तींकडून न घेता, ज्यांनी आपले काम जवळून पाहिले अशा मार्गदर्शकांकडूनच घ्यावीत.

गैरसमज : प्राध्यापकांचा होकार आला की प्रवेश झाला.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील कृषिविभागांत अनुदान बाळगणाऱ्या मार्गदर्शकाचा होकार निर्णायक असला, तरी किमान गुणांची अट विद्यापीठाची असते, आणि ती शिथिल करण्याची शिफारस विभागाकडून जावी लागते. तशी सोय आहे की नाही, हे पहिल्याच पत्रव्यवहारात विचारावे. जीवशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत निर्णय समितीचा असतो. जर्मनीत मार्गदर्शकाची संमती आधी मिळवून मग विद्याशाखेची मान्यता घ्यावी लागते.

गैरसमज : त्यासाठी जमीन गहाण टाकावी लागते.

वस्तुस्थिती : विज्ञानशाखांत अमेरिकेत बहुधा शुल्कमाफीसह सहाय्यकवृत्ती मिळते, आणि जर्मनीत पीएच.डी. ही पुष्कळदा पगारी नोकरीच असते. सरकारी शिष्यवृत्तींचे नियम मात्र स्वतंत्र आहेत : केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीस पात्रता परीक्षेत साठ टक्के लागतात, आणि पीएच.डी.साठी ती परीक्षा म्हणजे पदव्युत्तर पदवी. तेव्हा पदवीत चुकलेला हिशोब एम.एस्सी.त सुधारण्यास वाव आहे. फक्त अमेरिकेचे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणून कुलसचिवांच्या कार्यालयात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज दिवाळीपूर्वीच दाखल करावा.